घंटाबाईचा नववा दिवस

आमच्या हिनं उभ्या जन्मात मनगटाला घड्याळ बांधलं नाही, आणि तिची वेळ कधी पाच मिनिटांनीसुद्धा चुकली नाही. कराडच्या एका मुलींच्या शाळेत ती अठ्ठावीस वर्षं शिपाईबाई होती. ऑफिसबाहेर रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा साखळीनं टांगलेला असायचा. त्यावर लोखंडी दांड्यानं टोल द्यायचा, हे तिचं काम. घड्याळ आत हेडबाईंच्या खोलीत होतं. ही आत डोकावायचीच नाही. पाण्याचा माठ भरता भरता, सूचनेची वही वर्गांतून फिरवता फिरवता हातातलं काम ठेवायची आणि जाऊन टोल द्यायची. चाळीस मिनिटं झालेली असायची. एकदा हेडबाईंचं घड्याळ बंद पडलं तर तीन दिवस कुणाला पत्ताच नव्हता. चौथ्या दिवशी हेडबाईंनी तिलाच विचारलं, बाई, घड्याळ लावायचंय, किती वाजले?

पोरी तिला मागून घंटाबाई म्हणायच्या. ते तिला ठाऊक होतं. मग मीही म्हणायला लागलो, पण तोंडावर. मी एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक, शिक्षण सातवी. ती नववीपर्यंत शिकलेली, आणि या दोन इयत्तांचा तिला भारी तोरा होता. घंटाबाई म्हटलं की म्हणायची, "म्हणा. ग्रीसबुवापेक्षा बरंच आहे."

आम्ही न्यूझीलंडला आलो ते नातीसाठी. मुलगा संदीप इथं कॉम्प्युटरच्या कामाला, सून मेघना हॉस्पिटलातल्या फार्मसीत. आम्ही राहतो ते गाव लोअर हट, तिथून संदीप सकाळच्या ट्रेननं वेलिंग्टनला जायचा, मेघनाच्या पाळ्या. मग पाच वर्षांची पोर कुणी सांभाळायची? म्हणून आम्हाला बोलावलं. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, पण खरं ते लिहितो. नातीचं नाव रेवा. इथल्या लोकांना ते नाव आपलंच वाटतं, माओरी वाटतं, त्यामुळे तिला कुणी स्पेलिंग विचारत नाही.

इथं वर्षातून दोनदा सरकार सगळ्यांची घड्याळं तासभर पुढंमागं करतं. त्या आठवड्यात घरात भांडणं व्हायची. संदीप म्हणायचा, आई, आता आठ वाजलेत. ही म्हणायची, सात वाजलेत. तो मोबाइल दाखवायचा. ती म्हणायची, "सरकारनं काटा फिरवला म्हणून माझ्या पोटातली भूक फिरत नाही." मग दहाबारा दिवस तिचा स्वयंपाक जुन्या वेळेवर आणि आमचं जेवण नव्या वेळेवर. गार आमटी खायची सवय मला तेव्हा लागली.

दुसरी तिची गोष्ट म्हणजे ती कशालाही छान म्हणायची नाही. शाळेत अठ्ठावीस वर्षं बाई लोकांच्या तोंडून 'छान, छान' ऐकून तिचा त्या शब्दावरचा विश्वास उडाला होता. ती म्हणायची, छान म्हणतात आणि मागल्या बाकावर बसवतात. तिला एखादी गोष्ट फार म्हणजे फारच आवडली तर ती म्हणायची, "चुकलं नाही." बस, एवढंच. संदीप इंजिनियर झाला त्या दिवशी तो हे ऐकून रडला होता. मला चव्वेचाळीस वर्षांत ती दोनदा म्हणाली. एकदा मी घराचा पाण्याचा पंप रात्रपाळी करून आल्यावर दुरुस्त केला तेव्हा, आणि दुसऱ्यांदा कशाबद्दल ते मी सांगणार नाही.

रेवा सात वर्षांची असताना शाळेतून व्हायोलिन घेऊन आली. वाद्य शिकायचं असेल तर शाळाच द्यायची. त्या दिवशी त्यातून जो आवाज निघाला तो सांगायची सोय नाही. जुन्या गाडीचे ब्रेक लायनर संपले की चाक तसं ओरडतं. संदीप म्हणाला, दार लावून घे. मेघना म्हणाली, गॅरेजमध्ये वाजव बाळा. घंटाबाई उठली. स्वयंपाकघरातलं स्टूल उचललं, पोरीच्या खोलीत जाऊन बसली, मांडीवर मटार घेतले आणि म्हणाली, "हां. कर सुरू."

त्या दिवसापासून नऊ वर्षं. रोज चार वाजता. मी दिवस मोजलेले नाहीत, पण ती आजारी असली तरी बसायची आणि पोर आजारी असली तरी बसायची. मटार, नाहीतर कोथिंबीर, नाहीतर संदीपच्या शर्टाची बटणं. चाळीस मिनिटं झाली की लाटण्यानं स्टीलच्या ताटलीवर टोल द्यायची. तास संपला. मग पोरीनं अजून वाजवते म्हटलं तरी नाही. म्हणायची, तास म्हणजे तास, नाहीतर उद्या कंटाळा येतो.

दोघींचं बोलणं ऐकण्यासारखं असायचं. रेवाला मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीतून. हिला इंग्रजी थोडं कळायचं पण उत्तर मराठीतून. नात म्हणायची, आजी, दॅट वॉज हीप्स बेटर. ही म्हणायची, "हीप्सबिप्स मला सांगू नकोस. पुन्हा." शनिवारी हेलनबाईंकडे शिकवणी असायची. हेलनबाई म्हणजे रेवाच्या व्हायोलिनच्या बाई, सत्तरीच्या, उंच, पांढऱ्या वेणीच्या. त्या दारातच किया ओरा म्हणायच्या, ही नमस्कार म्हणायची आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण सहा महिन्यांत हेलनबाई रेवाला "पुन्हा" म्हणायला शिकल्या. मी असायचो बाहेर गाडीत. मला संगीतातलं काही कळत नाही. अजूनही नाही.

ती मात्र सगळं कानात ठेवायची. नोटेशनच्या त्या कागदावरच्या मुंग्या तिला वाचता यायच्या नाहीत, म्हणून तिनं प्रत्येक जागेला स्वतःचं नाव दिलं होतं. एक होती 'धुणं', म्हणजे कपडे दोरीवर फडफडतात तशी. एक 'पोस्टमन', थांबत थांबत जाणारी. आणि एक होती 'जिना', भराभर वर वर जाणारी. पोर अडली की ही खोलीतून ओरडायची, धुण्यापासून घे. आणि रेवा धुण्यापासून घ्यायची. पुढं हेलनबाईंच्या वहीतही रेवानं पेन्सिलनं ही नावं लिहिली होती, इंग्रजी अक्षरांत.

इथल्या पोरांचा एक मोठा ऑर्केस्ट्रा आहे, साठेक पोरं, सगळी काळे कपडे घालून वाजवतात. रेवा त्यात मागच्या रांगेत बसायची. पहिल्यांदा आम्ही ऐकायला गेलो तेव्हा हिची नजर समोर काठी हलवणाऱ्या माणसावरून हटेना. मध्येच मला कोपर मारून म्हणाली, "हा काहीच वाजवत नाही हो. नुसता टोल देतो." आणि मग थोड्या वेळानं, अगदी हळू, "माझंच काम आहे हे." घरी येताना गाडीत ती बोटानं मांडीवर टोल देत होती. तिला तिच्या कामाचा एवढा अभिमान मी कधी बघितला नव्हता. अठ्ठावीस वर्षांत कुणी तिच्या टोलाला टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

आता मधेच एक जुनी गोष्ट सांगतो, कारण पुढचं तिच्याशिवाय समजणार नाही. कराडला असताना हिची आई वारली. वार्षिक परीक्षा चालू होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ही लुगडं नेसून निघाली. मी म्हटलं कुठं? म्हणाली शाळेत. मी दारात आडवा झालो. सगळी गल्ली बघत होती. तिची भावजय म्हणाली, वन्सं, लोक काय म्हणतील. हिनं मला बाजूला केलं आणि म्हणाली, "माझी आई गेली. पोरींचा पेपर गेलेला नाही." गेली, टोल दिला, संध्याकाळी आली, अंघोळ केली आणि मग रडायला बसली. मी आठ दिवस तिच्याशी बोललो नाही. त्या गोष्टीचा राग माझ्या मनात कितीतरी वर्षं होता. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आता लिहितो.

रेवा सोळा वर्षांची झाली तेव्हा ऑर्केस्ट्रावाल्यांनी तिची निवड केली. एका रविवारी दुपारी, लोअर हटच्या हॉलमध्ये, ती सगळ्यांच्या पुढं उभी राहून एकटी वाजवणार आणि मागं ती साठ पोरं तिला साथ करणार. कुणा जुन्या जर्मन माणसानं लिहिलेली मोठी चीज, सव्वीस मिनिटांची. ही बातमी सांगताना रेवा घरभर उड्या मारत होती. मेघनाच्या डोळ्यांत पाणी. घंटाबाईनं एकच विचारलं, किती मिनिटांचं आहे? सव्वीस म्हटल्यावर म्हणाली, मग एका तासात दीड वेळा होईल. त्यानंतरचे आठ महिने आमच्या घरात ती एकच चीज वाजत होती. भिंतीपलीकडं बसून मलाही ती पाठ झाली, मला संगीतातलं काही कळत नसताना. याही चीजेत हिनं धुणं, पोस्टमन आणि जिना शोधून ठेवले होते, आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पोर रोज अडखळायची. रोज. ही रोज म्हणायची, पुन्हा. शेवटच्या आठवड्यात एकदाच ती पायरी लागली. मी माझ्या खोलीत कॉटवर पडलो होतो, उठून बसलो. ही काय म्हणते ऐकायला थांबलो. ती म्हणाली, "उद्या बघू." दोघी लाटणं ताटलीवर आपटून हसायला लागल्या.

कार्यक्रमाला बारा दिवस होते तेव्हा ती सकाळी अंगणात कपडे वाळत घालताना खाली बसली. हार्ट. अॅम्ब्युलन्स आली, हॉस्पिटलात तीन दिवस होती. तोंडावर नळी, हाताला नळी. दुपार झाली की तिची चुळबुळ सुरू व्हायची. तिसऱ्या दिवशी रेवा तिच्या उशाशी बसली होती. हिनं नळी बाजूला करून मला म्हटलं, "अहो, हिला घरी पाठवा. तास चुकतोय." मी घड्याळ बघितलं, चार वाजायला पाच कमी होते. रेवा गेली. ही संध्याकाळी गेली. माझ्याशी ती त्यानंतर एक शब्द बोलली नाही.

कराडला असती तर सगळं मला माहीत होतं. कुठं जायचं, कोण येणार, काय आणायचं. इथं मला काहीच माहीत नव्हतं. सगळं संदीपनं फोनवर ठरवलं. तिला एका चकचकीत पेटीत घातलं, आम्ही कोट घालून खुर्च्यांवर बसलो, एका बाईंनी आम्हाला अमुक वेळेला खोली रिकामी करायची आहे असं अगदी गोड आवाजात सांगितलं, आणि बटण दाबल्यावर ती पेटी पडद्यामागं गेली. मी अग्नी दिला नाही, खांदा दिला नाही, मडकं फोडलं नाही. घरी आल्यावर मी आंघोळ करून बसलो आणि मला वाटलं, हिच्यासाठी मी एकही गोष्ट नीट केलेली नाही. मग मी सुतक धरलं. दहा दिवस. देव झाकले, पायात चप्पल नाही, गोड नाही, टीव्ही नाही. माझ्या हातात तेवढंच उरलं होतं.

चौथ्या दिवशी हेलनबाई आल्या. झाकलेल्या भांड्यात काहीतरी भाजून आणलं होतं. इथं माणूस गेल्यावर शेजारी खाणं घेऊन येतात, आपल्यासारखंच. त्या संदीपशी हळू बोलत होत्या. मला सगळं कळत नव्हतं, पण कळायचं ते कळलं. रेवाला वाजवायचं असेल तर तिचा दिवस तसाच आहे. नसेल तर एक मुलगा आहे, त्यानं तीच चीज मागल्या वर्षी बसवली होती. त्यांना आजच कळायला हवं होतं. आणि त्या म्हणाल्या की रेवानं वाजवलं तर सुरुवातीला तिच्या आजीचं नाव घेतील.

संदीपनं मेघनाकडं बघितलं, मेघनानं खाली बघितलं, आणि मग संदीप म्हणाला, "बाबा, तुम्ही सांगाल तसं."

अकरा वर्षांत या घरात मला कुणी काही विचारलं नव्हतं. कोणती भाजी करायची एवढं सोडून. त्याचा दोष कुणाला देत नाही. पण त्या क्षणी मला वाटलं की आता मी हिच्यासाठी काहीतरी नीट करणार. मी म्हटलं, नाही. सुतक आहे. दहा दिवसांच्या आत घरातलं कुणी गाण्याबजावण्याला जाणार नाही.

रेवा दारात उभी होती. तिनं मला आजवर मराठीत उत्तर दिलं नव्हतं. तेव्हा दिलं. म्हणाली, "आजोबा, आजी रागावेल."

मी म्हटलं, "रागवायला आजी आता नाही."

तिनं मान हलवली आणि ती आत गेली. भांडली नाही. भांडली असती तर मी कदाचित... पण नाही, मी ऐकलं नसतं. मी स्वतःला ओळखतो. मेघना पाचव्या दिवसापासून कामाला जात होती, संदीप घरातून लॅपटॉपवर मीटिंगा करत होता. त्यांना मी काही म्हटलं नाही. सुतक फक्त त्या पोरीनं पाळलं. कराडला दारातून मला बाजूला करून गेलेल्या बाईचं सुतक.

नववा दिवस रविवार होता. दुपारी घरात बसवेना. चालून येतो म्हटलं आणि निघालो, अनवाणीच. इथलं वारं माणसाला ढकलत नेतं, पण खोटं कशाला लिहू, मला वाऱ्यानं नेलं नाही. मी त्या हॉलकडंच गेलो. दाराशी पोस्टर होतं. त्यावर रेवाचा हसरा फोटो, हातात व्हायोलिन, आणि तिच्या नावावर दुसऱ्या नावाची पांढरी पट्टी चिकटवलेली. फोटो बदलायला वेळ मिळाला नसावा.

मी आत गेलो नाही. सुतक होतं ना. बाजूच्या दाराशी भिंतीला टेकून उभा राहिलो. तिकिटं बघणारे एक म्हातारे गृहस्थ होते, ते बाहेर आले, माझ्या पायांकडं बघितलं, आत या म्हणाले. मी माझ्या इंग्रजीत सांगितलं, माय वाइफ डेड, नाइन डे, नॉट अलाउड. त्यांना काय कळलं कुणास ठाऊक. आत जाऊन एक खुर्ची घेऊन आले, माझ्याजवळ ठेवली आणि दार बोटभर उघडं सोडलं.

मी भिंतीपलीकडून ऐकत आलो होतो, तसंच ऐकलं. मुलगा चांगला वाजवत होता. धुणं आलं, गेलं. पोस्टमन जरा घाईत गेला. मग जिना आला. मी खुर्चीची कड धरली. तो मुलगा चढला, भराभर चढला आणि शेवटच्या पायरीवर पाय ठेवून उभा राहिला. न अडखळता. मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. त्या बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. आत टाळ्यांचा पाऊस पडला. ते गृहस्थ दाराआडून माझ्याकडं बघून हसले. मी उठलो आणि घरी आलो.

रेवा पायरीवर बसली होती. तिनं माझे धुळीचे पाय बघितले. कुठं गेला होतात असं तिनं विचारलं नाही. म्हणाली, "डिड ही गेट द जिना?"

मी म्हटलं, "हो."

"गुड," म्हणाली आणि आत गेली.

दहाव्याचा पिंड आम्ही पेटोनीच्या समुद्रकिनाऱ्यावर ठेवला. इथं गुरुजी म्हणजे संदीपच्याच कंपनीतला पुण्याचा एक मुलगा, आठवडाभर कॉम्प्युटर आणि शनिवार-रविवार पूजा. चांगला मुलगा आहे. कराडला संगमावर पिंड ठेवला की सगळे कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला नाही तर गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली. मग घरातलं एकेक जण पुढं होऊन हात जोडून सांगतं, तुझ्या अमुकचं लग्न मी लावीन, तमुकला मी सांभाळीन. आणि राहिलेलं बोललं गेलं की कावळा येतो. मी रात्रभर ठरवलं होतं की काय बोलायचं. माझ्या तोंडून सगळ्यांसमोर ते निघायला हवं होतं, रेवासमोर. इथं कावळे नाहीत. पिंड ठेवून आम्ही चार पावलंही मागं आलो नव्हतो, तोवर तीन सीगल आले आणि भांडत भांडत सगळा भात खाऊन गेले. गुरुजी म्हणाले, झालं काका, शिवला.

मी म्हटलं, सीगलला काय कळतंय.

परत येताना गाडीत संदीपनं त्याला कार्यक्रमाचं सांगितलं. तो मुलगा म्हणाला, "काका, तुम्ही मला एक फोन करायचा होता. परदेशात आम्ही तीन दिवसांचंच सांगतो. आणि आजींनी शिकवलेलं वाजवायला मी कशाला नाही म्हटलं असतं?" तो समजुतीनंच बोलला. रेवा मागच्या सीटवर होती. तिच्या कानात ते वायरचं काहीतरी होतं. तिनं ऐकलं की नाही, मला माहीत नाही. विचारायची हिंमत मला आजवर झालेली नाही.

त्यानंतर चार वाजले की घरात काही वाजायचं नाही. कुणी तिला नको म्हटलं नव्हतं. संदीप म्हणाला, वेळ लागेल. मेघना म्हणाली, ग्रीफ आहे, तिला मोकळं सोडा. हेलनबाईंचे फोन आले, दोनदा स्वतः येऊन गेल्या. दुसऱ्या वेळी त्या तिच्या खोलीत गेल्या आणि मला आतून त्यांचं "पुन्हा?" ऐकू आलं. रेवा नम्रपणे नो थँक यू म्हणाली. पुढल्या वर्षी निवडीच्या परीक्षेला ती गेली नाही. एकदा मी धीर करून तिच्या दाराशी गेलो. मी म्हटलं, बाळा, माझी चूक झाली. तू वाजव. मी स्टुलावर बसतो. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, इट्स ओके आजोबा, आय'म ओव्हर इट. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी करता आलं असतं. व्हायोलिन तिनं शाळेत एका लहान मुलीला देऊन टाकलं.

मला कुणीकुणी सांगतात, काका, पोरं मोठी झाली की छंद बदलतात, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. असेलही. पण माझी बायको नऊ वर्षं स्टुलावर बसली ते छंदासाठी नव्हतं. तिच्या आयुष्यात तिनं दुसऱ्यांचे तास मोजले, आणि हे एकच तिचं स्वतःचं होतं. ते बारा दिवसांनी पुरं होणार होतं. ती गेली म्हणून ते राहिलं असं नाही. ती गेल्यावरही ते होऊ शकत होतं. तिनं तर तेवढ्यासाठी स्वतःच्या उशाजवळून पोरीला उठवलं होतं. ते मी थांबवलं, तिचं नाव घेऊन. वर जर कुठं काही असेल, तर ती माझ्याशी बोलणार नाही, आणि तिचे आठ दिवस नसतात, तिचं म्हणजे कायमचं असतं.

गेल्या फेब्रुवारीत रेवा डनेडिनला कॉलेजला गेली. विमानतळावर ती वाकली, पाया पडली. मी तिचे दोन्ही हात धरून तिला उठवलं. व्हायोलिन वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताची बोटं शेंड्याला कडक होतात, तार दाबून दाबून. तिचा तो हात धरून मी किती वेळा रस्ता ओलांडला असेन, चारही बोटं पॉलिशपेपरसारखी लागायची. मी एकेक बोट चाचपून बघितलं. ती हसून म्हणाली, व्हॉट? मी म्हटलं, काही नाही, जा, विमान सुटेल.

चारही बोटं मऊ होती, लहान बाळासारखी. मी वर्कशॉप सोडून अठरा वर्षं झाली, माझ्या हातांचे घट्टे अजून गेले नाहीत. तिचे दोन वर्षांत गेले. नऊ वर्षांचे होते.